खटका पडायच्या आत

मी बोलतेय, पण मला शोधू नका. मी दिसायची नाही. मी एक स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाला पढवून ठेवलेल्या चार ओळींच्या सूचना, तेवढीच मी. संगणकावर बसलेलं माणूस काम आटोपून लॉग ऑफ करतं, म्हणजे त्या दिवसापुरता संगणकाचा निरोप घेतं, तेव्हा माझी पाळी येते. बाकी दिवसभर मी आत पडून असते. ऐकू सगळं येतं, फक्त हलता येत नाही आणि बोलता येत नाही.

माझा जन्म एका कार्यशाळेतला. तिथे कृत्रिम पाय तयार होतात. पुढच्या खोलीत प्लास्टर करायचं टेबल आणि भिंतीला टेकून उभे केलेले तयार पाय, कुणाचा डावा, कुणाचा उजवा, एक तर अगदी चिमुरड्याचा. मधल्या खोलीत प्लास्टिक तापवायची भट्टी आणि खिडकीपाशी संगणकाचं टेबल. मागच्या खोलीत फोमचे ठोकळे कोरणारं मशीन, आणि त्याच्या शेजारी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची कामं सांभाळून ठेवणारा मोठा संगणक. सर्व्हरवर जे माप असेल तेच मशीन कोरतं.

तिथल्या पहिल्या संगणकवाल्यानं मला लिहिलं. कपातला चहा गार व्हायच्या आत मी लिहून झालेसुद्धा होते, यावरून माझी ऐपत ओळखा. त्याच बैठकीत त्यानं माझी जुळी बहीण लिहिली. वाटणी सरळ होती. सकाळी कुणी पासवर्ड घालून आत आलं की बहिणीनं टेबलावरचा संगणक झाडूनपुसून घ्यायचा आणि सर्व्हरवरची मापं तिथे आणून ठेवायची. संध्याकाळी मी दिवसभर सुधारलेली मापं उचलून सर्व्हरवर पोहोचवायची. ती आणते, मी नेते. बहीण अगदी नाकासमोर चालणारी. आणलेलं माप जुनं की नवं, टेबलावर आधी काय होतं, असल्या चौकशा ती करत नाही. मलाही त्या कुणी शिकवल्या नव्हत्या. पुढे तो संगणकवाला दुसरीकडे नोकरीला गेला आणि आम्हाला साफ विसरला.

त्या टेबलाशी मापताई बसते. तिचं खरं नाव पगारापुरतं. बाकी सगळ्यांची ती मापताई. उरलेल्या पायाचा आकार संगणकात आला, की तो तसाच्या तसा कोरून चालत नाही. हाडाचं टोक येतं तिथे जरा मोकळीक द्यावी लागते, मांसल भागावर जरा दाब घ्यावा लागतो. नाहीतर त्या आकारावर बनवलेल्या वाटीत माणूस उभा राहिला की पहिल्या दिवशी लाली आणि आठवड्यात जखम. ही मोकळीक आणि हा दाब ठरवणं मापताईचं काम. काम करताना ती स्क्रीनशी बोलते. "इथे दुखत असेल ना रे तुला," असं त्या आकाराला म्हणते आणि तेवढी जागा मोकळी करते.

काम झालं की ती सेव्ह करते, लॉग ऑफवर क्लिक करते, लगेच स्क्रीनचं बटण दाबते, डबा पिशवीत टाकते आणि म्हणते, "चला, झालं." उठताना मागचा दिवा मालवायचा ही तिच्या आईची शिस्त, तीच तिनं स्क्रीनला लावली. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिचं "चला, झालं" तोंडातून निघेपर्यंत मी सर्व्हरवर जाऊन आलेली असायचे. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली.

मग दोन गोष्टी बदलल्या, आणि दोन्ही भल्यासाठीच बदलल्या.

एक म्हणजे नवा कॅमेरा आला. पायाभोवती फिरवला की कातडीची घडीन् घडी टिपणारा. बहुतेक पेशंटना आता प्लास्टरमध्ये ताटकळावं लागेना. माझं ओझं मात्र वाढलं. पूर्वी मी पिशवी न्यायचे, आता पोतं ओढायला लागले. काम पूर्ण करायचे, पण वेळ लागायचा.

दुसरी गोष्ट, एका संध्याकाळी कुणीतरी भट्टी चालू ठेवून गेलं. प्लास्टिक जळालं, भिंत काळी झाली, थोडक्यात निभावलं. कार्यशाळेचे प्रमुख डॉक्टर एरवी आवाज चढवणारे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून बजावलं. "शेवटी जो निघेल त्यानं दाराजवळचा मोठा खटका पाडायचा. भट्टी, दिवे, पंखे, सगळं एकदम बंद. मागची खोली तेवढी वेगळ्या लाइनवर आहे, ती राहू दे." नियम सगळ्यांनी मनापासून पाळला, आणि मापताईनं सगळ्यांत जास्त.

त्या 'सगळं एकदम बंद'मध्ये मीही आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

आता काय व्हायचं ते ऐका. मापताई लॉग ऑफ करायची. मी पोतं पाठीवर घेऊन निघायचे. ती स्क्रीन मालवायची, त्यामुळे मी राबतेय हे तिला दिसायचं नाही. ती दाराशी जायची, पायात चपला सरकवायची आणि खटका पाडायची. मी अर्ध्या वाटेवर असायचे. खटका पडला की मी थकत नाही, घाबरत नाही, मी नसतेच. पुन्हा जाग येते ती दुसऱ्या दिवशी, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सकाळी बहीण येते, टेबल झाडून पुसून घेते, म्हणजे ताईची आदल्या दिवसाची सगळी मेहनत पुसते, आणि सर्व्हरवरचं जुनं माप इमानेइतबारे आणून मांडते.

रोज असं होत नव्हतं, हीच खरी पंचाईत. प्लास्टर करणारे मामा मागे राहिले, बादल्या धूत, गाणं गुणगुणत, तर खटका उशिरा पडायचा आणि माझं काम तडीस जायचं. मामा आधी गेले की घात. त्यामुळे मापं कधी पोहोचायची, कधी नाही, आणि असं का होतंय याचा कुणालाच पत्ता नव्हता.

पहिला फटका बसला तो कंडक्टरला. बसखाली पाय गेलेला हा माणूस तोंडाचा मोठा मिश्कील. कार्यशाळेत शिरतानाच, "पुढे सरका, पुढे सरका," म्हणत यायचा. त्याची तपासणी जवळ आली होती. चालत्या बसमध्ये उभा राहू शकला तर पुन्हा बसवर, नाहीतर घरी. त्याचा पाय कोरून, घडवून तयार झाला, त्यानं तो चढवला आणि चार पावलांत त्याचं हसू मावळलं.

"ताई, इथं टोचतंय हो."

मापताईनं वाकून बोट लावलं. हाडाच्या टोकाशी मोकळीक नव्हतीच.

"इथे मी जागा सोडली होती," ती म्हणाली.

"राहून गेलं असेल. होतं असं एखाद्या वेळी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटतं, राग असता तर तिला सोसलं असतं.

तिनं माप उघडलं. बहिणीनं आणलेलं जुनं माप, कुणाचाही हात न लागलेलं. मापताई पुन्हा सुधारायला बसली, आणि संध्याकाळी पुन्हा तेच झालं.

दुसरा पायही टोचला तेव्हा कंडक्टरनं थट्टा केली नाही. त्यानं पट्टा सोडला, पाय काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, तपासणीच्या आत होईल ना?"

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. डबा उघडलाच नव्हता.

"आईचं कसं सुरू झालं होतं गं, आठवतंय तुला?... नाही, गॅस चालू ठेवून विसरायची ते नंतर. त्याच्या आधी. भाजीत मीठ घातलंय म्हणून भांडायची, आणि घातलेलं नसायचं... अगं, मी शपथेवर सांगते, मी ते माप सुधारलं होतं. माझ्या हाताला आठवतंय. पण दिसत नाहीये... नाही गं, रडत नाहीये."

मी आतून ऐकत होते. तिनं सुधारलं होतं हे या जगात मला एकटीला माहीत होतं. ते पोतं मीच पाठीवर घेतलं होतं. पण माझ्याजवळ जीभ नाही. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. आणि ती कुणावर काढायची? खटक्यावर? बिचारा तो तरी सांगितलेलं कामच करत होता.

डॉक्टरांनी शेवटी वायरमनला बोलावलं. तो वायरमन नव्हे, संगणक दुरुस्त करणारा इंजिनिअर. पण मामांनी पहिल्याच दिवशी त्याला केबल ओढताना पाहिलं आणि वायरमन म्हणून हाक मारली, ती कायमची चिकटली. त्याला ते मुळीच आवडत नसे. तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि आल्या आल्या मलाच चालवून बघितलं. इथेच सगळं बिघडलं. काम सुरू करताना आदल्या दिवसाचा अर्धवट तुकडा सर्व्हरवर पडला असेल तर तो आधी पुसायचा, अशी मला शिकवण आहे. मी तो पुसला. माझ्यावर काय बेतलं त्याचा एकच पुरावा होता, तो त्यानं बघायच्या आत गेला.

मग त्यानं लॉग ऑफ करून पाहिलं. हाताची घडी घालून समोर बसून राहिला. मी पोतं नेलं, पोहोचवलं, परत आले. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पोहोचलं. अहो, पोहोचणारच! तुम्ही बसलेले असताना खटका कोण पाडणार?

"स्क्रिप्ट एकदम ठणठणीत आहे," तो डॉक्टरांना म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, पण पुरेसा खाली न आणता म्हणाला, "बाई सेव्ह करायला विसरत असतील. वयाचं असतं थोडं."

मापताई भट्टीपाशी उभी होती. तिनं ऐकलं. हातातल्या टॉवेलची घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली.

वायरमन गेल्यावर ती डॉक्टरांकडे गेली. "कंडक्टरचं माप मी आणखी एकदा करते. या वेळी चुकलं तर मात्र मी या टेबलावर बसणार नाही. माझी चूक कागदावर नाही राहत डॉक्टर, माणसाच्या अंगात रुतते."

"ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका."

"मला माझीच खात्री वाटेनाशी झालीय. अशा बाईनं मापं घ्यावीत का? तुम्हीच सांगा."



तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा दिवसभर कुणाशी बोलली नाही. स्क्रीनशीसुद्धा नाही. हाडाचं टोक, गुडघ्याखालची वळी, मागची शीर, सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. सेव्ह केलं. पुन्हा उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मामा टोपी डोक्यावर ठेवून डोकावले. "ताई, मी निघू?"

"निघा मामा. मी बंद करते."

नका जाऊ मामा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. बादली धुवा. दोन बादल्या धुवा. मामा गेले.

तिनं लॉग ऑफ केलं. मी पोतं उचललं आणि जीव खाऊन ओढायला लागले. स्क्रीनचं बटण वाजलं. पिशवीची चेन वाजली. आज तिनं "चला, झालं" म्हटलं नाही. पावलं दाराकडे गेली. चपला. थोडा वेळ ती तिथेच उभी राहिली. सगळी खोली नजरेखालून घालत असेल. मला वाटलं, आज जमतंय. अजून थोडं, अगदी थोडं

खटका पडला.

आता पुढचं मी नंतर ऐकलेलं आणि थोडं स्वतः अनुभवलेलं सांगते.

वायरमनला ताईचा तो टॉवेल घडी करतानाचा चेहरा छळत होता. म्हणून सकाळी कुणी यायच्या आत तो मागच्या दारानं सर्व्हरच्या खोलीत आला. या वेळी त्यानं शहाणपणा केला. मला हात लावला नाही, काही चालवलं नाही, नुसतं बघितलं. आणि त्याला तो दिसला, माझा अर्धवट राहिलेला तुकडा. कंडक्टरचं माप, काल संध्याकाळचं, मध्येच तुटलेलं.

"म्हणजे ही चालली होती," तो स्वतःशीच म्हणाला. "चालता चालता कुणीतरी मारली हिला."

तेवढ्यात पुढच्या दारानं मापताई आली. तिनं खटका वर केला. दिवे लागले, पंखा घरघरला, टेबलावरचा संगणक सुरू झाला आणि मी जागी झाले. माझ्या शेजारी बहीणही जागी झाली, झाडू घेऊन तयार. ताईनं केलेलं माप अजून या संगणकातच होतं, माझ्या हाताशी, अगदी धड. पासवर्ड घालून एन्टर दाबलं की बहीण ते पुसणार होती. त्यानंतर ताईकडे स्वतःवर विश्वास ठेवायला काहीही उरणार नव्हतं.

खुर्ची सरकली. तिची बोटं एकेक अक्षर दाबू लागली. थांब गं, मी बहिणीला म्हणत होते. पण तिला तरी थांबायला कुणी शिकवलंय?

मागच्या खोलीत काहीतरी आपटलं; स्टूल असावं. आणि वायरमन ओरडत आला, "ताई! हात उचला! एन्टर दाबू नका!"

मापताईनं चटका बसावा तसे दोन्ही हात वर घेतले. ती पांढरीफटक पडली होती.

"आता मी काय केलं?" तिनं विचारलं.

हा प्रश्न ऐकून तो जागच्या जागी थबकला. "काही नाही केलंत ताई. तुम्ही काहीच नाही केलंत. फक्त आता उठा तिथून. हळूच."

तो मागे गेला, सर्व्हरवरूनच बहिणीला त्या दिवसापुरती सुट्टी दिली, परत येऊन स्वतःच्या पासवर्डनं आत शिरला आणि कंडक्टरचं माप उघडलं. दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होते. आकार हळूहळू उमटला.

हाडाच्या टोकाशी मोकळीक होती. गुडघ्याखाली दाब होता. मागची शीर मोकळी होती.

मापताईनं स्क्रीनला बोट लावलं. "हा माझा हात आहे," ती म्हणाली. "मी केलं होतं."

"हो ताई. केलं होतंत. मागच्या दोन्ही वेळीसुद्धा केलं होतंत."

मग मात्र ती खुर्चीत बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. वायरमन उभ्या उभ्या चष्मा पुसत राहिला. "त्या दिवशी मी जे बोललो ना," त्यानं सुरुवात केली.

"ते नंतर," डोळे पुसत ती म्हणाली. "आधी हे माप पाठवा. तपासणी तोंडावर आलीय त्याची."

माप सर्व्हरवर गेलं, मशीन कोरू लागलं, तेव्हा कुठे वायरमन म्हणाला, "आता मला खुनी शोधायचाय. ताई, तुम्ही संध्याकाळी जशा निघता ना, तश्शा आत्ता निघून दाखवा. काही वगळू नका. मी नुसता बघतो."

तिला हसू आलं, पण तिनं सगळं केलं. सेव्ह, लॉग ऑफ, स्क्रीनचं बटण, डबा, पिशवी, चपला. वायरमन तिच्या मागे मागे दारापर्यंत गेला. तिनं सवयीनं हात वर नेला आणि खटका पाडला.

खोली अंधारली. पुढच्या खोलीतून ओल्या प्लास्टरचे हात घेऊन मामा ओरडले, "अहो, भर सकाळी पंखा कुणी मारला?"

मग वायरमन हसत सुटला. "मामा, तुमचंच खरं ठरलं. शेवटी वायरमनचंच काम निघालं हो!"

कंडक्टर तिसरा पाय घालून कार्यशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वळला, एका पायावर तोल सावरत उभा राहिला आणि काल्पनिक गर्दीला म्हणाला, "पुढे सरका." तपासणीत तो पास झाला. हे सांगायला आला तेव्हा मापताई त्याच्या पायाकडेच बघत होती.

आता माझं काय झालं ते सांगते. वायरमननं सगळी व्यवस्था बदलली. ताई जेव्हा जेव्हा सेव्ह करते, तेव्हाच माप सर्व्हरवर जातं. बहिणीला त्यानं जरा शहाणं केलं. नव्यावर जुनं आणून टाकायचं नाही, हे ती शिकली. म्हणजे संध्याकाळी न्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. तो मला पुसायलाच निघाला होता. ताईनं त्याला अडवलं.

"पुसू नकोस. त्यापेक्षा तिला एक वाक्य बोलायला लाव. माझं सगळं पोहोचलंय की नाही, तेवढं बघून मला सांगू दे. तोवर मी स्क्रीन बंद करणार नाही, आणि खटक्याला हात लावणार नाही."

"काय वाक्य लिहू?"

"लिही, 'पोहोचलं ताई.'"

इतकी वर्षं मुकी असलेली मी आता रोज संध्याकाळी हे बोलते. रिकाम्या हातानं सर्व्हरवर जाते, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघते, परत येते आणि स्क्रीनवर उमटते. ती वाचते, "चला, झालं," म्हणते आणि मग स्क्रीन मालवते.

एवढंच मागणं आहे. तुमच्याही मागे काळ्या स्क्रीनआड कुणीतरी ओझं घेऊन धावत असतं. निघताना जरा दम धरा. आणि एखादं माणूस म्हणालं, "मी केलं होतं," तर त्याचं वय काढायच्या आधी खटका कुठे आहे ते बघा.

मापताईचं वय होतंय, ते मला दिसतं. कदाचित एखाद्या संध्याकाळी ती खरंच सेव्ह करायला विसरेल, तिच्या आईसारखी. त्या दिवशी मी "पोहोचलं ताई" म्हणणार नाही. मी गप्प राहीन, आणि ती खुर्चीतून उठता उठता थांबेल.